नाव कोणी ठेवायचे?

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात एक आगळा नामकरण समारंभ झाला. ज्यांना नावे द्यायची होती त्या मुली पाळण्यातल्या नव्हत्या. त्यांतल्या अनेक जणी शाळेत जाणाऱ्या, चांगल्या जाणत्या वयाच्या होत्या. त्यांची संख्या २८५ होती आणि त्यांचे मूळ नाव थोड्याफार फरकाने एकच होते : नकोशी, नकुशी, नकुसा. मुलगा हवा असताना मुलगी झाली, म्हणून जन्मदात्यांनी आपली नाराजी तिच्या नावातच नोंदवून ठेवली होती. जिल्हा प्रशासनाने अशा मुलींचा शोध घेतला आणि त्या दिवशी त्यांच्या हाती नव्या नावाचे दाखले दिले. नवी नावे पुष्कळ जणींनी स्वतः निवडली होती.

वृत्तपत्रांच्या दृष्टीने ही एका दिवसाची बातमी होती. पण तिच्या पोटात एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. आईबापांनी ठेवलेले नाव मुलगी नाकारते आणि शासन त्या नकारावर शिक्का मारते, तर मग माणसाचे नाव असते तरी कोणाचे? ते ठेवणाऱ्याचे, हाक मारणाऱ्याचे, दप्तरात लिहून घेणाऱ्याचे, की जन्मभर वागवणाऱ्याचे?

मराठी भाषेने या प्रश्नाचा गुंता आपल्या वाक्प्रचारांत नेमका पकडला आहे. आपण मुलाचे नाव ठेवतो आणि शेजाऱ्याला नावे ठेवतो. एकवचनात तो संस्कार असतो, अनेकवचनात ती निंदा होते. मुलगा बापाचे नाव काढतो किंवा घालवतो, म्हणजे नाव ही घराण्याची ठेव ठरते. नवी नवरी नाव घेते, ते मात्र स्वतःचे नसते. नाव आपले म्हणावे, तर त्याचा वापर आपल्यापेक्षा इतरेजनच अधिक करतात. म्हणूनच नावाचा विचार हा केवळ शब्दकोशाचा विषय राहत नाही. कोणाला कोणते नाव देण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे पाहिले की त्या समाजाची घडण उलगडू लागते.

अर्थ एक, भाषा अनेक

नावांच्या अर्थांकडे पाहिले तर प्रथम जाणवते ती मानवजातीची एकरूपता. आपला देवदत्त म्हणजे देवाने दिलेला. ग्रीकांचा थिओडोर आणि यहुद्यांचा जोनाथन यांचा अर्थ तोच, आणि फारसी वळणाचा खुदाबक्षही त्याच अर्थाचा. अरबांचा अब्दुल्ला हा ईश्वराचा दास, तसाच आपला रामदास. येशूने आपल्या सायमन नावाच्या शिष्याला खडक या अर्थाचे नाव दिले. तेच पुढे पीटर झाले आणि पोर्तुगीजांबरोबर पेद्रू होऊन गोव्यात आले. अर्थ पाहिला तर गोव्यातला पेद्रू आणि घाटावरचा धोंडू हे एकमेकांचे मिते ठरतात.

घानामधील अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मले त्या वारावरून त्याला नाव मिळते. संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या नावातील कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला. आपल्या डोंगरदऱ्यांतील सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या या नावांमागे हीच रीत आहे. आइसलँडमध्ये आजही बहुतेकांना आडनाव नसते. बापाच्या, क्वचित आईच्या, नावाला मुलगा किंवा मुलगी या अर्थाचा प्रत्यय लावला जातो. १९८० साली त्या देशाच्या अध्यक्षपदी निवडून आलेल्या व्हिग्दिस फिन्बोगादोत्तिर यांच्या नावाचा उत्तरार्ध एवढेच सांगतो की त्या फिन्बोगी यांच्या कन्या आहेत. साहजिकच तेथे टेलिफोनच्या यादीतही माणूस त्याच्या स्वतःच्या नावाखाली शोधावा लागतो.

नावांचा प्रवास पाहू गेल्यास कोणत्याही संस्कृतीने शुद्धतेचा अभिमान बाळगू नये असे वाटते. मिलिंद हे नाव घ्या. संस्कृतात मिलिंद म्हणजे भ्रमर, आणि अनेक घरांत ते त्याच अर्थाने ठेवले जाते. परंतु इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणाऱ्या मिनँडर या ग्रीक राजाचे पालीतील रूपही मिलिंद असेच आहे. भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा हा राजा 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथामुळे अमर झाला. महाराष्ट्रातील एखाद्या वस्तीत मिलिंद अशी हाक ऐकू आली, तर ती भुंग्याला असेल किंवा ग्रीक राजालाही असेल.

ओंगळ नावांची तीन कुळे

सुंदर नावांचे कारण कोणी विचारत नाही. कोडे पडते ते ओंगळ नावांचे. धोंडू, दगडू, केरू, कचरू, भिकू, उकिरडा अशी नावे आईबापांनी का ठेवावीत? याचे एक उत्तर सर्वांना ठाऊक आहे. ज्या घरात मुले जगत नसत, तेथे मृत्यूची दृष्ट चुकवण्यासाठी मुलाला मुद्दाम हलके नाव दिले जाई. ज्याला उकिरड्याची किंमत त्याला यम कशाला नेईल, असा तो भाबडा डाव होता. बंगालमध्ये मूल काही कवड्यांना विकल्याचा देखावा करून त्याचे नाव तीनकौडी किंवा पाँचकौडी ठेवत. चीनच्या खेड्यांत मुलाला कुत्र्याने टाकून दिलेले अशा अर्थाचे टोपणनाव देत. पूर्व युरोपातील यहुदी कुटुंबांत दुर्बळ बाळाला म्हातारा या अर्थाच्या आल्टर या नावाने हाक मारत, म्हणजे मृत्युदूताने बाळाला शोधत यावे आणि म्हातारा पाहून परत फिरावे. या नावांचा शब्दार्थ तुच्छतेचा असला, तरी त्यांचा भावार्थ आत्यंतिक मायेचा आहे. धोंडो हे नाव धारण करणाऱ्या कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, तेव्हा त्या नावाचा शब्दार्थ कोणाच्या मनातही आला नसेल.

दुसरे कूळ नकोशीचे. वरवर पाहता ते पहिल्यासारखेच दिसते. पण वस्तुतः ते त्याच्या अगदी उलट आहे. केरू हे नाव मृत्यूला उद्देशून ठेवलेले असते, नकोशी हे नाव खुद्द मुलीला उद्देशून असते. पहिल्यात आईबाप नको असल्याचे सोंग करतात, दुसऱ्यात ते खरेच बोलतात. चीनमध्ये मुलींना चाओदी असे नाव देत आले आहेत. त्याचा अर्थ धाकट्या भावाला बोलावून आणणारी. म्हणजे ती स्वतः कोणी नव्हेच, येणाऱ्या मुलाची ती केवळ वर्दी. आपल्याकडेही अशी समजूत होती की नकोशी नाव ठेवले की पुढच्या खेपेस मुलगा होतो.

तिसरे कूळ या दोहोंपेक्षा वेगळे, कारण तेथे नाव आईबाप ठेवतच नाहीत. ते समाजव्यवस्था ठेवते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक असावे आणि शूद्राचे नाव जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असे असावे, असे तो सांगतो. ज्ञानाची आणि शस्त्राची बंदी पुढची. बंदीची सुरुवात पाळण्यातच होते. येथे ओंगळ नावामागे माया नाही, निराशाही नाही. आपण कोण आहोत याची आठवण माणसाला दर हाकेबरोबर व्हावी, एवढाच हेतू आहे.

याच मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष, नदी किंवा पर्वत यांचे नाव असलेल्या मुलीशी विवाह करू नये असेही म्हटले आहे. आमच्या लोकांनी हा नियम किती मनावर घेतला, ते घरोघरच्या रोहिणी, तुळसा, गंगा, गोदावरी आणि कृष्णा सांगतील. वधू निवडताना जे वचन सोयीस्करपणे विसरले गेले, त्याच ग्रंथातले दुसऱ्याला हीन नाव देण्याचे वचन मात्र शतकानुशतके पाळले गेले. धर्माज्ञेतील कोणती ओळ पाळायची आणि कोणती विसरायची, हे बहुधा ज्याच्या हाती सत्ता असते तोच ठरवतो.

म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रात नावांची जी क्रांती झाली, तिचे मोल फार मोठे आहे. कोरेगावच्या स्मारकस्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची जी नावे कोरली आहेत, त्यांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय वारंवार येतो. नाव उच्चारताच जात कळावी अशी ती व्यवस्था होती. त्या घरांतून पुढे सिद्धार्थ, राहुल, गौतम, सुजाता, यशोधरा या हाका ऐकू येऊ लागल्या. बाबासाहेबांनी मुंबईत १९४६ साली स्थापन केलेल्या महाविद्यालयाला सिद्धार्थाचे आणि पुढे औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले, हा योगायोग नव्हे. एका पिढीने आपल्या मुलांची नावे स्वतः, आपल्या इतिहासातून निवडली. स्वातंत्र्याची व्याख्या याहून सोपी करता येणे कठीण आहे.

राजसत्तेची लेखणी

नाव ठेवण्याचा अधिकार जातीप्रमाणेच राजसत्तेनेही वारंवार आपल्याकडे ओढला आहे. रोममध्ये गुलाम मुक्त झाला की त्याला मालकाचे नाव मिळे. सिसेरोचा विद्वान लेखनिक टिरो हा मुक्तीनंतर मार्कुस तुल्लिउस टिरो झाला. म्हणजे सुटका झाल्यावरही मालक नावात उरलाच. अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या वंशजांच्या वाट्याला अशीच मालकांची आडनावे आली. माल्कम लिट्लने आपले आडनाव टाकून त्या जागी एक्स हे अक्षर लिहिले, ते बीजगणितातील अज्ञात संख्येसारखे. हिरावून घेतलेले मूळ नाव आता कळणे नाही, एवढेच ते अक्षर सांगते. मुष्टियोद्धा कॅशियस क्ले १९६४ मध्ये महंमद अली झाला, तेव्हा अनेक वृत्तपत्रे कित्येक दिवस त्याला जुन्याच नावाने संबोधत राहिली. १९६७ च्या फेब्रुवारीत अर्नी टेरेल या प्रतिस्पर्ध्यानेही तोच हट्ट धरला, तेव्हा भर आखाड्यात ठोसे लगावत अली त्याला आपले नाव विचारत होता. तो प्रश्न एका प्रतिस्पर्ध्यापुरता नव्हता.

जर्मनीत नाझी राजवटीने ऑगस्ट १९३८ मध्ये एक फर्मान काढले. ज्या यहुद्यांची नावे सरकारी यादीतील यहुदी नावांपैकी नव्हती, त्यांनी १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नावाला पुरुष असल्यास इस्राएल आणि स्त्री असल्यास सारा हे नाव जोडावे, अशी सक्ती झाली. मोठ्या संहाराच्या आधी कचेऱ्यांतून नावांचे हे काम निमूटपणे उरकले गेले. जपानने आपल्या ताब्यातील कोरियात १९४० साली लोकांना जपानी धर्तीची कुलनामे घेण्यास भाग पाडले. स्वातंत्र्यानंतर १९४६ मध्ये ती रद्द करून जुनी नावे परत देण्यात आली. बल्गेरियात १९८४-८५ च्या हिवाळ्यात तुर्की वंशाच्या लाखो नागरिकांची मुस्लिम नावे पुसून त्यांना बल्गेरियन नावे देण्यात आली. त्यानंतर १९८९ मध्ये तीन लाखांहून अधिक लोक देश सोडून तुर्कस्तानात गेले आणि ती राजवट कोसळल्यावर नावे परत मिळाली. माणसाला नुसते जिंकून भागत नाही, त्याला त्याच्या नावापासूनही तोडावे लागते, हे प्रत्येक जुलमी सत्तेने ओळखले होते.

शासनाने नावात कधीच लक्ष घालू नये असा याचा अर्थ नव्हे. तुर्कस्तानात १९३४ च्या कायद्याने प्रत्येकाला आडनाव घ्यावे लागले. त्यामागे करवसुली, सैन्यभरती आणि टपाल यांच्या खऱ्या अडचणी होत्या. साताऱ्याच्या समारंभातही शासनच पुढे झाले होते. फरक आहे तो निवडीचा. एकीकडे नाव नागरिकाच्या माथी मारले गेले, दुसरीकडे मुलीने निवडलेल्या नावाला शासनाने कागद दिला.

हीच कसोटी सामाजिक चळवळींनाही लावता येते. १६९९ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी खालसाची स्थापना केली, त्या परंपरेत पुरुषाच्या नावाला सिंग आणि स्त्रीच्या नावाला कौर जोडण्याची रीत रुजली. जातिदर्शक नावाच्या जागी सर्वांना एकच नाव आले. १९२९ साली चेंगलपट्टू येथील स्वाभिमान परिषदेने जातिवाचक उपपदे टाकण्याचा ठराव केला आणि तमिळ प्रदेशात बापाच्या नावाचे आद्याक्षर व स्वतःचे नाव एवढेच लिहिण्याची पद्धत बळावली. आपल्याकडे मात्र कोणी नुसते नाव सांगितले की समोरचा गोडीने विचारतो, पूर्ण नाव काय? आडनावावरून उलगडा झाला नाही तर पुढचा प्रश्न, मूळचे कुठले? नाव टाकले म्हणून जात सुटत नाही. ऐकणाऱ्याच्या कानातली जातही सुटावी लागते.

स्त्रीचे नाव

या साऱ्या इतिहासात सर्वांत निमूटपणे बदलले गेले ते स्त्रीचे नाव. रोमन प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळात मुलींना स्वतंत्र नावच नसे. कुलनामाचे स्त्रीलिंगी रूप हेच तिचे नाव. त्यामुळे जुलिउस सीझरच्या दोन्ही बहिणी जुलिया आणि त्याची कन्याही जुलिया. जपानमध्ये आजवर पतिपत्नीला कायद्याने एकच कुलनाम घ्यावे लागत आले आहे. ते कोणाचे घ्यावे याचे स्वातंत्र्य आहे. पण शंभरातील पंचाण्णवांच्या आसपास जोडप्यांत नाव सोडते ती पत्नीच. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ मध्ये हा कायदा वैध ठरवला.

महाराष्ट्राने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले होते. येथे आडनावच नव्हे, तर मुलीचे स्वतःचे नावही लग्नात बदलत असे. ताटातल्या तांदळांवर नवरदेवाने अंगठीने लिहिलेले नाव तिला आयुष्यभर पुरत असे. माहेरची यमुना जोशी सासरी आनंदी झाली आणि अमेरिकेहून डॉक्टर होऊन परतली ती आनंदीबाई म्हणून. माहेरची यमुना कुर्लेकर रमाबाई रानडे झाली. एकाच पिढीतल्या दोन यमुना अशा रीतीने इतिहासात लुप्त झाल्या. त्यांच्या कर्तृत्वाला त्यामुळे उणेपणा आला नाही हे खरे. पण बाळपणाचे नाव पुसले जाणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी विचारले नाही, हेही तितकेच खरे.

ज्याच्यापायी आपले नाव गेले, त्याचे नाव तिने उच्चारूही नये, हा या रूढीचा दुसरा भाग. चीनमध्ये सम्राटाच्या नावातील अक्षर लिहिण्यास बंदी असे. कांगशी सम्राटाच्या नावात श्वान हे अक्षर होते, म्हणून पेकिंगच्या राजवाड्याच्या उत्तर दरवाजाचे नाव बदलावे लागले. आमच्याकडे प्रत्येक घरात एक सम्राट होता. त्या बंदीतून मराठी स्त्रीने उखाण्याची वाट काढली आणि सक्तीतूनही काव्य निर्माण केले, हे तिचे कौतुक, बंदीचे नव्हे.

आता काळ बदलला आहे. विवाहानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असे सांगणारा कायदा या देशात नाही. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहायचे आहे. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये आईच्या कुळाचे नाव शतकानुशतके चालत आले. आमच्याकडे आईला मुलाच्या नावात प्रवेश मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

लिहून घेणाऱ्यांची जबाबदारी

तरीही केवळ निर्णयांनी आणि समारंभांनी काम संपत नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. म्हणजे ज्या वर्षी २८५ नकोशींना नवी नावे मिळाली, त्याच वर्षीच्या गणनेने हे सांगितले की असंख्य नकोशींना नाव मिळण्याचीही पाळी आली नाही. नाव बदलणे सोपे, त्यामागचे मन बदलणे अवघड. परंतु सोपे आहे म्हणून ते निरर्थक ठरत नाही. ज्या मुलीला वर्गात दर दिवशी हजेरीच्या वेळी आपण नको आहोत हे सर्वांसमक्ष ऐकावे लागे, तिच्यासाठी तो बदल अर्थपूर्ण होता.

येथे शिक्षक आणि कारकून यांच्याकडे एक मोठी जबाबदारी येते. पाळण्यात आत्या नाव ठेवते, पण ते पक्के होते ते शाळेच्या जनरल रजिस्टरात. महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीचा जन्म १ जूनचा ठरला, तो याच रजिस्टरापुढे बसलेल्या गुरुजींच्या लेखणीने. त्या लेखणीने किती तरी नावे मोडली, किती आडनावे बदलली, आदिवासी मुलांची किती नावे आपल्याला उच्चारता येत नाहीत म्हणून सुधारून टाकली. आज आधार, पॅन आणि शाळा सोडल्याचा दाखला या तिन्हींवर नाव तंतोतंत जुळावे लागते. अशा वेळी एका वेलांटीची चूक निवृत्तिवेतन अडकवू शकते, आणि तिचा त्रास लिहिणाऱ्याला होत नाही.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रांतील दुरुस्तीविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे मानले की नाव हा माणसाच्या ओळखीचा अंगभूत भाग आहे आणि त्यावरचा अधिकार मूलभूत हक्कांच्या कक्षेत येतो. निकाल कायद्याच्या पुस्तकात राहतो. तो पाळला जातो तो खिडकीपलीकडच्या टेबलावर. नाव दुरुस्त करायला आलेल्या माणसाला चार खेपा घालायला लावणे आणि त्याचे नाव त्याने सांगितले तसे लिहून घेणे, यांतून निवड करण्याची पाळी त्या टेबलावर रोज येते.

लू शुन या चिनी लेखकाची आ क्यू नावाच्या एका गरीब मजुराची कथा प्रसिद्ध आहे. आपले आडनाव चाओ आहे असे तो एकदा आनंदाच्या भरात बोलून जातो, तेव्हा गावचे प्रतिष्ठित चाओ त्याच्या थोबाडीत मारतात, कारण त्यांच्या मते असले आडनाव लावण्याची त्याची लायकीच नाही. त्यानंतर तो आपले आडनाव कधीच सांगत नाही. जगातील सर्व स्मृती, फर्माने आणि रूढी यांचे सार त्या एका थपडेत आहे. उद्या शाळेत प्रवेशासाठी एखादे मूल येईल आणि त्याला नाव विचारले जाईल. त्याने निर्भयपणे उत्तर द्यावे, आणि ते दिले तसेच लिहिले जावे, एवढे झाले तरी पुष्कळ झाले.